जुन्या लष्करी लेन्सचे नव्या कॅमेऱ्याशी कसे जमते?

घरोघरी रोलचे कॅमेरे होते त्या काळातली एक फजिती अनेकांना आठवत असेल. आगफा क्लिक-थ्री किंवा हॉट शॉटच्या छोट्या खिडकीतून पाहिले की मांडवातली सगळी माणसे स्वच्छ दिसायची. रोल धुऊन आल्यावर मात्र कळायचे, की निम्म्या फोटोंवर फोटो काढणाऱ्याचे बोट आले आहे. बोट लेन्ससमोर होते, तरी काढणाऱ्याला ते दिसले नव्हते. कारण त्याचा डोळा एका खिडकीतून पाहत होता आणि फोटोचा प्रकाश दुसऱ्या वाटेने, लेन्समधून, आत जात होता.

लायकासारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याची रचना आजही अशीच आहे. लेन्सवर झाकण असले तरी खिडकीत दृश्य स्पष्ट दिसते. तरीही या कॅमेऱ्यावर फोकस अगदी बारकाईने लावता येतो. लेन्समधून न पाहता हे कसे साधते?

या कोड्याला आणखी एक पदर आहे. अमेरिकी लष्करासाठी १९७२ च्या सुमारास बनलेली एक दुर्मीळ लेन्स २०२२ मध्ये बाजारात आलेल्या लायका एम-११ वर थेट बसते आणि अचूक फोकस देते. दोघांमध्ये ना वायर, ना इलेक्ट्रॉनिक जोडणी. दुसऱ्या महायुद्धातली तितकीच नावाजलेली दुसरी एखादी लष्करी लेन्स त्याच कॅमेऱ्यावर नुसती जोडली, तर समोरच्या माणसाऐवजी मागची भिंत स्पष्ट येते. असे का होते, हे समजून घेतले की रेंजफाइंडरचे सगळे यंत्र उलगडते.

लष्कराने मागवलेला लायका

आधी त्या दुर्मीळ लेन्सची ओळख करून घेऊ. लायका बनवणाऱ्या जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीने १९५२ मध्ये कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या मिडलंड या गावी कारखाना सुरू केला. वॉल्टर मँडलर हे तिथले प्रमुख लेन्स-रचनाकार. पुढे १९७६ मध्ये आलेली एफ/१ ची नॉक्टिलक्स ही त्यांचीच निर्मिती. या कारखान्याने खास कामांसाठी बनवलेल्या लेन्सवर ‘एलकॅन’ हे नाव असे.

लायका एम-४ वर आधारलेला ‘केई-७ए’ नावाचा कॅमेरा १९७२ मध्ये याच कारखान्यात अमेरिकी लष्करासाठी तयार झाला. धूळ आणि दमट हवा आत जाऊ नये म्हणून त्याची बांधणी अधिक बंदिस्त केलेली होती. असे कॅमेरे बनले जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यांच्यासोबत दिली जाई ती एलकॅन ५० मिमी एफ/२ ही लेन्स. त्या काळच्या नेहमीच्या ५० मिमी समिक्रॉन लेन्समध्ये सहा काचा असत, एलकॅनमध्ये चारच.

लष्कराला रेंजफाइंडर का हवा होता, तेही पाहण्यासारखे आहे. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा असतो आणि फोटो काढताना तो उडतो. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसल्यामुळे आवाज कमी होतो, हलणारे भाग कमी राहतात आणि मंद उजेडातही खिडकीतले दृश्य उजळ दिसते. ऐन फोटोच्या क्षणी डोळ्यापुढे अंधारही येत नाही.

दोन खिडक्या आणि एक त्रिकोण

आता फोकसकडे वळू. अंगठा नाकासमोर धरून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटला, तर अंगठा जागचा हलल्यासारखा वाटतो. हात लांब नेला की हे हलणे कमी होते. दोन डोळ्यांमध्ये अंतर असल्याने प्रत्येकाला अंगठा थोड्या वेगळ्या कोनातून दिसतो, आणि वस्तू जितकी जवळ तितका हा कोनातला फरक मोठा.

रेंजफाइंडर याच तत्त्वावर चालतो. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला दोन खिडक्या असतात. मोठ्या खिडकीतून मुख्य दृश्य दिसते. छोट्या खिडकीतून आलेले दुसरे दृश्य आतल्या प्रिझममधून वळून मुख्य दृश्याच्या मध्यभागी, एका उजळ चौकोनात उमटते. लायका एममध्ये या दोन खिडक्यांत सुमारे ६९ मिमी अंतर असते. या अंतराला ‘पाया’ म्हणू.

फोकस चुकलेला असेल तर चौकोनात एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सवरचे कडे फिरवले की छोट्या खिडकीतली प्रतिमा सरकू लागते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की फोकस लागला.

पाया आणि वस्तू मिळून एक लांबट त्रिकोण होतो. वस्तू १ मीटरवर असेल तर या त्रिकोणाच्या टोकाचा कोन सुमारे ४ अंश भरतो. १० मीटरवर तो ०.४ अंश होतो आणि ५० मीटरवर अवघा ०.०८ अंश. म्हणून रेंजफाइंडर जवळच्या आणि मध्यम अंतरावर फार विश्वासू असतो, दूर जाल तशी त्याची पकड सैल होते. खिडकीतले दृश्य थोडे लहान करून दाखवलेले असते, त्याचाही परिणाम होतो. एम-११ मध्ये दृश्य ०.७३ पट दिसते, त्यामुळे ६९ मिमीचा पाया प्रत्यक्षात सुमारे ५० मिमीच्या पायाइतकेच काम करतो. ५० मिमीच्या लेन्सला एवढा पुरतो. लांब पल्ल्याच्या लेन्ससाठी तो अपुरा पडू लागतो.

लेन्स कॅमेऱ्याशी बोलते ती पायलीच्या भाषेत

इथपर्यंत फक्त अंतर मोजून झाले. ते लेन्सपर्यंत पोहोचते कसे?

लेन्स काढून कॅमेऱ्याच्या तोंडात पाहिले तर वरच्या बाजूला एक चिमुकले चाक दिसते. त्याला रोलर म्हणतात. लेन्सच्या मागच्या टोकाला धातूची एक कड असते, ती कॅम. लेन्स बसवली की रोलर या कडेला टेकतो. जवळची वस्तू फोकस करायची तर लेन्सच्या काचा फिल्मपासून पुढे सरकवाव्या लागतात. त्या सरकल्या की कॅम सरकतो, रोलर त्याच्यामागे जातो आणि रोलरला जोडलेली तरफ रेंजफाइंडरमधली प्रतिमा हलवते. कॅमेऱ्याला लेन्सबद्दल समजते ते इतकेच, की रोलर किती सरकला.

एकच कॅमेरा वेगवेगळ्या लेन्सेसना चालतो, त्यामुळे इथे पेच येतो. प्रत्येक लेन्सचे नाभीय अंतर वेगळे असते. दूरच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा लेन्समागे जितक्या अंतरावर पडते, ते तिचे नाभीय अंतर. ते जितके मोठे, तितकी फोकस करताना लेन्स जास्त पुढे यावी लागते. १ मीटरवरच्या वस्तूसाठी ५० मिमीच्या लेन्सला सुमारे ३ मिमी पुढे यावे लागते. ७५ मिमीच्या लेन्सला सुमारे ६.७ मिमी लागतात, तर ९० मिमीच्या लेन्सला १० मिमी. रोलरही तितकाच सरकला तर कॅमेऱ्याने कोणता हिशेब धरायचा?

पूर्वी गावोगावची पायली वेगळी असे. एका गावातली पायलीभर ज्वारी दुसऱ्या गावात पायलीला कमी भरे. बाजारात व्यवहार करायचा तर सगळ्यांनी आपला माल एकाच ठरलेल्या पायलीत मोजून सांगणे भाग होते. लायकानेही अशीच एक पायली ठरवली, ती म्हणजे ५१.६ मिमी. लायकाच्या ‘५० मिमी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेन्सेसचे खरे नाभीय अंतर याच्या आसपास असते. कोणतीही लेन्स आत कितीही सरको, कॅमने रोलरला तितकेच हलवायचे, जितके ५१.६ मिमीच्या लेन्सने त्या अंतरासाठी हलवले असते.

५० मिमीच्या लेन्सला हे सोपे जाते, कारण तिची स्वतःची पायली तीच आहे. काचा ३ मिमी पुढे, रोलरही ३ मिमी. ९० मिमीच्या लेन्समध्ये मात्र वेगवेगळ्या चालीचे दोन आटे एकमेकांत बसवलेले असतात. कडे एकदा फिरवले की काचा १० मिमी सरकतात आणि कॅम ३ मिमी. तो हिशेब लेन्सच्या धातूतच कोरलेला असतो.

एलकॅन ५० मिमी एम-११ वर निमूट काम करते ते यामुळेच. ती लायकाच्याच घराण्यातली, त्याच पायलीत मोजणारी. तिची बैठक, म्हणजे एम-माउंट, १९५४ मध्ये लायका एम-३ सोबत आली आणि आजतागायत बदललेली नाही.

परक्या लेन्सची अडचण

आता दुसरी लेन्स घेऊ. जर्मन हवाई दलाने दुसऱ्या महायुद्धात रोबोट नावाचा, चावी देऊन चालणारा छोटा कॅमेरा वापरला. त्यावर श्नायडर कंपनीची ७५ मिमी एफ/३.८ टेली-झेनार ही लेन्स असे. अशा लेन्सला कामापुरता माउंट जोडून ती लायकावर बसवली आणि तिच्या काचांची हालचाल जशीच्या तशी रोलरला दिली, असे समजू.

समोर ३ मीटरवर माणूस उभा आहे. खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळल्या, म्हणजे रोलर ०.९२ मिमी सरकला. लेन्सही ०.९२ मिमी पुढे आली. पण ७५ मिमीच्या लेन्सला ३ मीटरसाठी जवळजवळ २ मिमी पुढे यावे लागते. ०.९२ मिमीवर तिचा फोकस सुमारे सव्वासहा मीटरवर असतो. खिडकीत सारे जुळलेले दिसते, फोटोत मात्र माणूस धूसर आणि मागची भिंत ठसठशीत. लेन्स उत्तम, कॅमेरा उत्तम, दोघांची मापे तेवढी वेगळी.

दुसरी अडचण प्रतिमेच्या आकाराची. रोबोट कॅमेऱ्याची चौकट २४ × २४ मिमीची होती. तिचा कर्ण सुमारे ३४ मिमी. आजच्या पूर्ण आकाराच्या सेन्सरचा कर्ण ४३ मिमी आहे. लहान चौकटीसाठी घडवलेल्या लेन्सचे प्रकाशवर्तुळ मोठ्या सेन्सरच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचेलच असे नाही, आणि तसे झाले तर कोपरे काळवंडतात.

तिसरी अडचण कामाच्या स्वरूपाची. कोडॅकची एरो-एक्टार ही १७८ मिमी एफ/२.५ लेन्स अमेरिकी हवाई दलाच्या के-२४ कॅमेऱ्यावर बसून विमानातून जमिनीचे फोटो काढत असे. विमानातून जमीन नेहमीच दूर असते, त्यामुळे तिला फोकस करण्यासाठी फिरते कडेच नव्हते. अशा लेन्सला आधी आट्यांची नळी लावून पुढे-मागे सरकण्याची सोय करावी लागते.

फोकसच्या अडचणींवर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे कुशल कारागिराकडून नवे धातूचे घर करून घेणे. काचांचा गाभा तोच ठेवून त्याला ७५ किंवा ९० मिमीच्या योग्य आट्यांत बसवतात आणि लेन्सचे खरे नाभीय अंतर मोजून त्याप्रमाणे कॅम घासतात. लेन्सवर ७५ लिहिलेले असले तरी खरा आकडा थोडा इकडेतिकडे असू शकतो, म्हणून मोजणे गरजेचे. दुसरा उपाय म्हणजे रेंजफाइंडर बाजूला ठेवणे. लायकाच्या २०१२ मध्ये जाहीर झालेल्या एम (टाइप २४०) पासून मागच्या पडद्यावर थेट लेन्समधून आलेले दृश्य पाहता येते. त्यात फोकसचा भाग मोठा करून तपासता येतो, आणि कॅमने काय सांगितले याला महत्त्व उरत नाही.

मिलिमीटरचा विसावा भाग

लेन्स टेकते त्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर एम कॅमेऱ्यात २७.८ मिमी असते. त्याआधीच्या, लेन्स आट्यांनी फिरवून बसवायच्या लायकात ते २८.८ मिमी होते. म्हणून १९३० आणि १९४० च्या दशकातल्या आट्यांच्या लायका लेन्सेस, त्यांत जर्मन हवाई दलाचे शिक्के असलेल्याही आल्या, बरोबर १ मिमी जाडीच्या कड्याने आजच्या एम कॅमेऱ्यावर बसतात. कॅमचे माप दोन्हीकडे तेच असल्याने रेंजफाइंडरही जुळतो.

इथे चुकीला फार जागा नाही. हे कडे ०.०५ मिमीने, म्हणजे साध्या कागदाच्या निम्म्या जाडीने, जास्त जाड निघाले तर अनंतावर लावलेली ५० मिमीची लेन्स प्रत्यक्षात सुमारे ५३ मीटरवर फोकस करते. १ मीटरवर तेवढ्याच चुकीने फोकस दीड सेंटिमीटर सरकतो. एफ/२ वर १ मीटरला स्पष्टतेचा एकूण पट्टा जेमतेम ४ सेंटिमीटरचा असतो. डोळ्यावर साधलेला फोकस गालावर जातो तो असा.

फिल्मच्या जागी सेन्सर आला

फिल्म किंचित वाकते, तिच्या थराला जाडी असते, त्यामुळे छोट्या चुका तिच्यात झाकल्या जात. एम-११ च्या सेन्सरवर ६ कोटी ठिपके आहेत आणि प्रत्येकाची रुंदी ४ मायक्रॉनहून कमी. सेन्सर काटेकोर सपाट असतो. त्यामुळे जुन्या लेन्सची झीज किंवा कॅमचा थोडासा तिरपेपणा जो फिल्मवर कधी कळला नाही, तो इथे उघड होतो.

दुसरा फरक तिरप्या किरणांचा. फिल्मला प्रकाश कोणत्या कोनातून आला याचे फारसे वावडे नसते. सेन्सरच्या ठिपक्यांवर सूक्ष्म भिंगे असतात आणि वर काचेचे संरक्षक आवरण. कडेला फार तिरपे येणारे किरण या आवरणात विचलित होतात आणि ठिपक्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत. म्हणून लायकाने हे आवरण पातळ ठेवले, १ मिमीहूनही कमी, आणि कडेची सूक्ष्म भिंगे किंचित सरकवून बसवली. हा त्रास मुख्यतः २१ किंवा २८ मिमीच्या जुन्या लेन्सेसना होतो. ५० मिमी आणि त्यापुढच्या लष्करी लेन्सेस यातून बऱ्यापैकी सुटतात.

काचेचे वय

काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. सुट्या चार काचा म्हणजे आठ पृष्ठभाग, आणि लेप नसेल तर शेवटी ७२ टक्केच प्रकाश पोहोचतो. परतलेला प्रकाश आत इकडेतिकडे आदळून चित्रावर पांढुरकी झाक आणतो. काचेवर अतिशय पातळ लेप देऊन हे कमी करण्याची पद्धत झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये विकसित केली. सुरुवातीला ते लष्करी गुपित होते. चार काचांची रचना करण्याचा एक लाभ इथे दिसतो, पृष्ठभाग कमी म्हणून परावर्तनही कमी. त्याची किंमतही असते. प्रत्येक पृष्ठभाग ही दोष सुधारण्याची एक संधी असते, आणि चार काचांच्या रचनेत त्या संधी कमी मिळतात.

एरो-एक्टारसारख्या काही लेन्सेसच्या काचेत थोरियम मिसळलेले असते. त्यामुळे प्रकाश अधिक वळवणारी काच मिळते. थोरियम मंद किरणोत्सारी आहे आणि त्याच्या किरणांनी वर्षानुवर्षांत काच पिवळी-तपकिरी पडते. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवल्यास हा रंग बराच उतरतो. अशी लेन्स वापरायला हरकत नाही, पण तिची काच घासू किंवा फोडू नये आणि ती उशाशी ठेवू नये.

आपल्याकडे मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात जुन्या लेन्सचा खरा शत्रू बुरशी आहे. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील अशा कोरड्या पेटीत लेन्स ठेवावी. चामड्याच्या जुन्या पिशवीत ती कधीही बंद करून ठेवू नये, चामडे ओल धरते.

थोडक्यात

- रेंजफाइंडर कॅमेरा लेन्समधून पाहत नाही. दोन खिडक्यांतल्या कोनावरून तो अंतर मोजतो.
- लेन्सची जागा त्याला कॅम आणि रोलर यांच्या हालचालीतून कळते. हे माप ५१.६ मिमीच्या लेन्सवरून ठरलेले आहे.
- एलकॅन ५० मिमी आणि लष्करी शिक्क्याच्या आट्यांच्या लायका लेन्सेस याच मापाच्या, म्हणून पहिली थेट आणि दुसऱ्या १ मिमीच्या कड्याने चालतात.
- विमानातल्या किंवा परक्या कॅमेऱ्याच्या लेन्सला नवे आटे आणि नवा कॅम लागतो, नाहीतर मागच्या पडद्यावर पाहून फोकस करावा लागतो.
- डिजिटल सेन्सर फिल्मपेक्षा कठोर परीक्षक आहे.

पैसे मोजण्यापूर्वी

अशी लेन्स हाती आली तर एक सोपी तपासणी करता येते. कॅमेरा तिवईवर ठेवा. वर्तमानपत्र तिरपे लावून १ मीटर आणि ३ मीटरवर, आणि काही किलोमीटर दूरच्या मनोऱ्यावर, रेंजफाइंडरनेच फोकस करून फोटो काढा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवा. तिन्ही ठिकाणी चूक एकाच दिशेने असेल, तर कड्याची जाडी किंवा बैठक बिघडली आहे, आणि पातळ चकती घालून किंवा काढून ती सुधारते. दूरचे बरोबर आणि जवळचे चुकीचे येत असेल, तर कॅमचे प्रमाण चुकले आहे आणि त्याला कारागीरच लागेल. तुमच्या सगळ्याच लेन्सेस चुकत असतील, तर दोष कॅमेऱ्याच्या रोलरचा आहे. नंतर एफ/२.८ आणि एफ/४ वर तेच करून पाहा. काही जुन्या लेन्सेसमध्ये अ‍ॅपर्चर लहान करताच फोकस मागे सरकतो. तो त्यांच्या रचनेचा भाग आहे, बिघाड नव्हे.

एलकॅनसारखी लेन्स संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसते, कारण तिची किंमत दुर्मीळतेवर ठरते. तिच्या रचनेवर बेतलेली नवी लेन्स चीनमधील लाइट लेन्स लॅब बनवते, म्हणजे त्या चार काचांचे चित्र कसे येते हे पाहायला मूळ नग विकत घेण्याची गरज नाही. आणि मूळ नग मिळालाच, तर आधी ही तीन अंतरांची तपासणी करा, आणि त्यात ती उतरली तर कपाटात न ठेवता तिने फोटो काढा.